राळेचा सांधा

वर्ध्याच्या बाजारात, पाटीत वांगे काटेरी,
माणिक बापू भाव पुसे, जशी मी बाई दुसरी.

जात्याच्या घरघरीतून तो आवाज आला होता, आणि घरघर येत होती पहाटेच्या अंधारातून. केळझरच्या घराच्या पडवीत, बाजेवर, वाकळ पांघरून माणिक पडला होता. जाग आधीच आली होती, पण डोळे उघडावेसे वाटत नव्हते. धुरपतावहिनीचं दळण सुरू झालं की पहिली ओवी गणपतीची, मग मेलेल्या पुंडलिकदादाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, मग मळ्यातल्या मोटेची, बैलांची, हा क्रम त्याच्या अंगात मुरलेला होता. आई गेली तेव्हा तो एवढासा. वहिनी दळायला बसली की तिच्या पसरलेल्या पायावर डोकं ठेवून तो झोपायचा, आणि तिचं अंग पुढं-मागं व्हायचं तसतसा तोही हलायचा. इतर पोरांना पाळणे असतील. त्याला तो हेलकावा होता. म्हणून त्या पहाटे, वर्ध्याच्या कचेरीत कारकून झालेला, बायको असलेला, मिशी राखलेला माणिक लहान होऊन पडला होता. आणि तेवढ्यात ही ओवी आली. दोन ओळी. एकीत बाजार, दुसरीत तो, नाव घेऊन. जातं थांबलं नाही. पुढची मूठ जात्याच्या तोंडात पडली, आणि ती बैलांवर गेली, पांढऱ्या बैलाच्या शिंगांवर गेली, जणू मधे काही झालंच नव्हतं. त्यानं वाकळ डोक्यावरून ओढून घेतली. वाकळीत तिच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे शिवलेले होते. सकाळी भाकर वाढताना तिनं विचारलं, "झोप लागली ना बापू?" आणि तो म्हणाला, "लागली."

त्याला आता काही वर्षं झाली. ओवी त्यानं कोणाला सांगितली नाही, बायकोला, इंदिरेलाही नाही. सांगायची कशी? ओवी सांगायची तर बाजार सांगावा लागतो. केळझरचा भाजीपाला सेलूलाच जायचा, पण त्या दिवशी भाव चांगला मिळेल म्हणून बंडूजीच्या बैलगाडीतून वहिनी वर्ध्याला आली होती, हे त्याला माहीत नव्हतं. कचेरी सुटल्यावर तो हेडक्लार्क प्रभाकररावांच्या बरोबर बाजारातून चालला होता. प्रभाकरराव छत्रीच्या टोकानं एकेक पाटी दाखवत भाज्यांना नावं ठेवत होते. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांच्या मागे, पोत्यावर, वहिनी बसली होती. तिनं त्याला पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते आलं जे फक्त त्याला पाहून यायचं. तोंड उघडलं. 'बापू' म्हणायला उघडलेलं तोंड. त्याआधीच तो खाली वाकला, एक वांगं हातात घेतलं, देठाचा काटा बोटात रुतला, आणि तो म्हणाला, "कशी दिली?" उघडलेलं तोंड क्षणभर तसंच राहिलं. मग तिनं भाव सांगितला. व्यवस्थित, गिऱ्हाइकाला सांगतात तसा. प्रभाकररावांनी घासाघीस केली, तिनं थोडं कमी केलं, वरून सांबाराची एक काडी टाकली. "बाई मोठी गोड आहे," प्रभाकरराव पुढं गेल्यावर म्हणाले. त्या रात्री इंदिरेनं भरली वांगी केली होती. बाजारातून त्याच दिवशी दुसऱ्या कोणाकडून तरी आणलेली असणार. तो जेवला नाही, पोट दुखतं म्हणाला.

आज सकाळी कचेरीत प्रभाकरराव त्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले, तेव्हा त्याला काहीच वाटलं नव्हतं. "माणिकराव, आज संध्याकाळचा चहा तुमच्याकडे."

"या ना, साहेब. काही विशेष?"

"नागपूर रेडिओवर तुमच्या केळझरच्या बाया जात्यावरच्या ओव्या म्हणणार आहेत म्हणे. आमच्या घरचा सेट म्हणजे नुसता खोकला. तुमचा ऐकू. तुमच्या नात्यातलं कोणी आहे म्हणतात त्यात? इंदिराबाई आमच्या हिला सांगत होत्या."

"हो. म्हणजे, आहेत एक. गावाकडच्या."

गावाकडच्या. शब्द तोंडातून गेला आणि त्याच्या मागोमाग बोटात काटा रुतला, त्याच जागी. बायांना नागपूरला नेऊन ओव्या यंत्रावर उतरवून घेतल्या होत्या, एवढं त्याला माहीत होतं. वहिनी आजच्या मोटारीनं येणार हेही माहीत होतं, कारण सगळ्या नात्यागोत्यात रेडिओ होता तो त्याच्याकडेच. पण त्या ओव्यांत ती कोणती ओवी म्हणेल याचा विचार त्यानं प्रभाकररावांचे उत्सुक डोळे पाहीपर्यंत केला नव्हता. बाया घरात तोंड उघडून बोलत नाहीत ते जात्याला सांगतात. सासूचं, नवऱ्याचं, दिराचं. नाव घेऊन सांगतात, कारण जातं कोणाला सांगायला जात नाही. आणि आता कोणी शहाण्यानं जात्याला यंत्र जोडलं होतं. माणिक बापू भाव पुसे. प्रभाकररावांना तो बाजार आठवायला किती वेळ लागेल? फायलीतला कागद त्यानं तीनदा वाचला. मग डोकं दुखतं म्हणून तो दुपारीच घरी निघाला.

घरात कोणी नव्हतं. खुंटीला वहिनीची पिशवी टांगलेली, तीतून वालाच्या शेंगा डोकावत होत्या. इंदिरा तिला देवळात घेऊन गेली होती. माणिकनं दाराची कडी लावली आणि रेडिओ पाठमोरा केला.

हा सेट त्यानं मोडक्या अवस्थेत घेतला होता आणि घरीच, या शेगडीवर, या पाटावर बसून उभा केला होता. कचेरीतलं त्याचं अक्षर, त्याचं इंग्रजी, सगळं कोणाकडून तरी उसनं घेतल्यासारखं त्याला वाटायचं. हे मात्र त्याचं होतं. निखाऱ्यात तांब्याच्या टोकाची सळई तापवायची, टोक राळेत बुडवून पुसायचं, तारेची टोकं चाकूनं खरवडून लख्ख करायची. आधी तारच तापवायची, मग कथील तिला लावायचं. तार तापली असली की कथील आपण होऊन पसरतं, पाण्यासारखं, आणि सांधा गार होताना एकदा चमकतो. राळेचा धूर नाकात जायचा, धुपासारखा. त्या चमकेच्या वेळी माणिकच्या मनात कोणाचीच भीती नसायची. शेजारीपाजारी आपले सेट आणून ठेवायचे, आणि तो एकही सांधा कच्चा ठेवत नसे. कच्चा सांधा मळकट दिसतो, लगेच कळतो. पण एक सांधा असतो जो कळत नाही. तार राळेत नीट बुडू द्यायची, राळ तिच्याभोवती काचेसारखी गार होऊ द्यायची, आणि मग वरच्यावर, अगदी हलक्या हातानं, कथलाची टोपी बसवायची. वरून चांदी, आत राळ. राळेतून वीज जात नाही. चूक म्हणून तो नवशिक्याच्या हातून होतो. मुद्दाम करायचा तर हात बसलेला लागतो.

बिडीएवढा, मेण लावलेल्या कागदात गुंडाळलेला एक कंडेन्सर होता. रेडिओतल्या एका दिव्यातला, म्हणजे व्हॉल्व्हमधला, आवाज त्याच्यातून दुसऱ्या दिव्यात जायचा. त्याचा एक पाय माणिकनं सोडवला आणि तसा सांधा केला. हात मुळीच थरथरला नाही. थरथरला असता तर बरं झालं असतं, असं त्याला सळई पुसताना वाटलं. सांधा सुरेख झाला. आजवर केलेल्या सगळ्यांत सुरेख. त्यानं रेडिओ भिंतीशी सरळ ठेवला, त्यावर इंदिरेनं विणलेला रुमाल घातला, कडी काढली, आणि हात धुतले. राळेचा वास गेला नाही म्हणून राखेनं पुन्हा धुतले.

वहिनी आली तेव्हा तिनं आधी रेडिओकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. वाळलेली होती. कपाळावरचं गोंदण उन्हानं फिकं झालेलं. "आलास का रे लवकर? डोकं दुखून राह्यलं का?"

"थोडं."

"तं पड. मी आली म्हणून बसून नको राहू." ती एरवी दारातून आत येताच बोलायला लागायची, म्हशीचं, मनकर्णाबाईचं, गणपतीच्या यात्रेचं. आज ती चुलीपाशी जाऊन शेंगा निवडत बसली. नागपूरचं काही सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. ती गप्प आहे म्हणजे ती ओवी तिनं म्हटली आहे, त्याच्या मनानं घेतलं. म्हटली आहे आणि तिलाही आता तोंड दाखवणं जड जातं आहे. एवढं कळल्यावर त्याला तिचा राग आला, आणि राग आल्याबरोबर हायसं वाटलं. रागावलेल्या माणसाला लाजावं लागत नाही. पण तो राग चहाचं आधण यायच्या आतच विझला.

दिवेलागणीला प्रभाकरराव आले. छत्री कोपऱ्यात उभी केली. इंदिरा पदर सारखा करून पुढं झाली. "या आमच्या मोठ्या वहिनी," ती म्हणाली. "यांनीच वाढवलं यांना. लहानाचे मोठे यांच्याच हाताखाली झाले." इंदिरेला काही माहीत नव्हतं. माणिक रेडिओच्या बटनाकडे पाहत राहिला.

प्रभाकररावांनी हात जोडले आणि भुवई चढवली. "बाई, तुम्हाला कुठं तरी पाहिलंय मी."

 वहिनीनं पदर डोक्यावर ओढला. "गणपतीले आले असान जी साहेब. केळझरच्या."

"चतुर्थीला आलो होतो खरा."

"मंग तिथंच पाह्यलं असान. आम्ही तिथंच राहतो."

"बरोबर, तिथंच," प्रभाकरराव म्हणाले, आणि बसले. तिनं माणिककडे पाहिलंदेखील नाही. दुसऱ्यांदा तिनं त्याला झाकलं होतं, आणि या वेळी त्यानं भाव विचारायच्या आत.

बटण फिरवलं. काचेमागं पिवळा उजेड आला, आतले दिवे लाल झाले, आणि नुसती घूं ऐकू येऊ लागली. लांब कुठं दळण चालल्यासारखी. त्यानं काटा पुढं नेला, मागं आणला.

"अहो, तुमच्या सेटलाही आमचा खोकला लागला की काय?" प्रभाकरराव हसले. "उघडा, उघडा. आमच्यासमोर ऑपरेशन होऊ द्या. वेळ आहे अजून," आणि खिशातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

"काल रात्री तं चांगला वाजत होता," इंदिरा म्हणाली.

आता त्याला आपल्याच केलेल्या सांध्यासमोर बसावं लागलं. शेगडी पुढं ओढली गेली. सळई निखाऱ्यात खोचली. आणि वहिनी उठून समोर येऊन बसली, फुंकणी हातात घेऊन. "आण इकडं. इस्तो मी पाहीन. तू तुयं काम कर." तिनं गाल फुगवले, फुंकर घातली, निखारे उजळले, आणि तिचा चेहरा खालून लाल झाला. याची त्यानं कल्पना केली नव्हती. दारं, कड्या, रुमाल, सगळं त्यानं हिशेबात धरलं होतं, पण आपल्या लबाडीची सळई ती स्वतः तापवून देईल हे नव्हतं धरलं. तो नको त्या तारा चाचपू लागला. चांगल्या सांध्यांना सळई लावून पुन्हा झाळू लागला, तोंडानं उगीच "हं, इथं नाही" म्हणू लागला. राळेचा धूर वर चढला. धुरापलीकडं ती फुंकत होती. दम लागला की थांबायची, पदरानं डोळे पुसायची, पुन्हा फुंकायची. हिनं स्वतःचा आवाज आयुष्यात ऐकलेला नाही, त्याच्या मनात आलं. आपण सगळ्यांनी ऐकला, म्हशींनी ऐकला, भिंतींनी ऐकला, तिनंच नाही. दळताना माणूस आपल्या आवाजाच्या आत असतो. आज तो बाहेरून, समोरून, परक्या बाईचा असावा तसा तिच्याकडं येणार होता, आणि ती त्यासाठी मोटारीत उभी राहून आली होती. आणि आपण? आपण पुन्हा पाटीसमोर वाकलो आहोत. पुन्हा हातात वांगं घेऊन उभे आहोत, आणि ती पुन्हा आपल्याला बरोबर तो भाव सांगते आहे जो आपल्याला हवा. येऊ दे नाव, त्याला वाटलं. म्हणू दे तिला. प्रभाकररावांना आठवू दे. उद्या कचेरीभर होऊ दे. हा विचार आल्यावर छातीत काही तरी सैल झालं, पण हात तरीही दुसऱ्याच तारेवर गेला. त्यानं मांडीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मग इंदिरेकडं. मग पुन्हा घड्याळाकडं.

"झालं असेल आता सुरू," प्रभाकरराव म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आता निम्मं झालं असेल." मग त्यांनी चहा मागितला. त्यांच्या आवाजात रेडिओचं कुतूहल संपून यजमानाबद्दलची कीव सुरू झाली होती.  वहिनी फुंकतच होती.

मग त्यानं सळई उचलली आणि त्या सांध्यावर टेकवली. नीट, दाबून. टोपी वितळली, आतली राळ चरचरून उकळली, धूर सुटला, आणि कथील तारेवर पसरलं, पाण्यासारखं. सांधा चमकला. घूंच्या आतून एक घोगरा गृहस्थ बाहेर आला आणि संत्र्याच्या झाडांच्या बुंध्यांत शिरणाऱ्या किडीबद्दल बोलू लागला. शेतकरी बांधवांनी भोकं हुडकून काढावीत, म्हणाला, आणि ओल्या मातीनं लिंपावीत.

"संपल्या म्हणायच्या ओव्या," प्रभाकरराव म्हणाले, आणि घड्याळ खिशात घातलं. "असू दे, माणिकराव. सेट तर बरा झाला. तुमचा हात म्हणजे हात आहे." जाताना त्यांनी वहिनीला पुन्हा नमस्कार केला. "बाई, तुमचं ऐकायचं राहिलं. घरी दोन ओव्या म्हणून दाखवा कधी."

"जात्याबिगर येत नाई जी," वहिनी म्हणाली.

इंदिरा त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली आणि तिथंच शेजारणीशी बोलत उभी राहिली. तिचा हळहळता आवाज आत येत होता. माणिकनं बटण बंद केलं. दिवे लगेच विझत नाहीत. तांबडे, मग तपकिरी, मग नुसती काच. दया आली तेव्हा आपण घड्याळ पाहिलं होतं, की घड्याळ पाहून मगच दया आली? त्याला ते आठवेना. अगदी आत्ताची गोष्ट, तरी आठवेना, आणि आठवत नाही याच्यापेक्षा वाईट त्याला काही सुचलं नाही. वहिनी शेगडीवर राख ओढत होती. सांगावं. आत्ता, इंदिरा यायच्या आत. "वहिनी," तो म्हणाला.

"बरं झालं, नाई वाजला," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. ती निखाऱ्यांशीच बोलत होती.

"त्यात मी नाई बापू. मनकर्णा हाय, बाकीच्या बाया हायेत. मी नाई. गावाले सांगतलं, म्या म्हटलं म्हणून. इंदिरेलेबी तसंच. इथं आली अन् वाटलं, आता सारे आयकतीन अन् म्हणतीन, धुरपता कुठी हाय यात? फुंकणीनं फुंकत होती, अन् मनात म्हणे, नको लागू देवा, याची तार नको लागू."

"काय झालं पण? तुम्ही तर नागपूरला गेलत्या."

"गेलती ना. मोठी खोली, भिंतीले सारं गादीसारखं लावलेलं. बोललं का आवाज भिंतीत मुरे. जातं नाई, काई नाई. त्या साहेबानं सांगतलं, लाल दिवा लागला का म्हणा. लागला दिवा. अन् सारं डोक्यातून गेलं. गणपतीची गेली, तुया दादाची गेली. एकच आली, जिभेवर येऊन बसली. तिच्यामागं दुसरी येऊच देई ना. मंग म्या पदर तोंडात धरला. त्या साऱ्या म्हणत राह्यल्या, अन् मी नुसता हात फिरवत राह्यली, जसं जातं हाय."

फाटकाची कडी वाजली, पण इंदिरा आत आली नाही. शेजारीण पुन्हा काही विचारत होती.  माणिकला सगळं समजलं होतं, आणि तरी त्याचं तोंड उघडलं, आणि जे बाहेर पडलं ते बाजारातल्या माणसाचं होतं.

"कोणती ओवी?"

वहिनीनं राखेतून हात काढला, लुगड्याला पुसला आणि पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ पाहिलं. डोळे धुरानं लाल झाले होते.

"तू जागा होता," ती म्हणाली. "पडवीत. वाकळ ओढली तेबी मले समजलं. म्या तुले आयकू जावी म्हणूनच म्हटली होती ती. एवढ्या वर्षांत वाटलं, कवातरी म्हणशीन काही. नाईतं एवढ्या मोठ्यानं म्हणून कोणी दळते का, बापू?"